हार्मोनच्या इंजेक्शनानं अण्णांचं पोट सुटायलंय, काय करावं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे सासरे, अण्णा, वय ७१. गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांत थोडा पसरलेला. दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं, म्हणजे पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन, रोज अबिराटेरोनच्या गोळ्या आणि सोबत प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची छोटी गोळी. पीएसए (रक्तातली या आजाराची खूण) चांगला खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत.

पण उपचार सुरू झाले तेव्हा अण्णा ६४ किलो होते, ते आता ७१ वर गेलेत. वाढलंय ते सगळं पोटावर. दंड आणि मांड्या उलट बारीक दिसायल्यात. पँटी बसेनात म्हणून पुन्हा धोतरावर आलेत.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, कॅन्सरचा माणूस वाळतो, आपले भरायलेत, देवाची कृपा समजा. त्यामुळे सकाळी तूप-गुळाचा मलिदा आणि दुपारी शेंगदाण्याचा लाडू चालूच. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, "अण्णा, तुम्हाला आजार मानवला की हो!" आमचे हे म्हणतात, स्टेरॉइडच बंद करून टाकू. मला दोन्ही पटत नाही. उपाशीपोटीची साखर ११८ आली आहे, आधी कधीच नव्हती. तपासणीच्या दिवशी इतकी गर्दी असते की "वजनावर लक्ष ठेवा" याच्या पुढं बोलणं जात नाही.

भूकही अशी की रात्री अकराला स्वयंपाकघरात डबे वाजतात. कुणाच्या घरी असं झालंय का? खाण्यात नेमकं काय बदललंत?

भर_उन्हात (परभणी)

रात्री अकराला डबे वाजवणारे आमच्या घरात चार जण आहेत, तेही स्टेरॉइड न घेता. असो, धागा कामाचा आहे. वाचतोय.

बिंदुसरा (बीड)

ताई, आमच्या दादांचं अगदी हेच. फरक एवढाच की त्यांचा पसरलेला नव्हता, म्हणून रेडिएशन आणि सोबत दोन वर्षं इंजेक्शन असं सांगितलं होतं. पोट वाढलं तेव्हा आम्ही आधी भाकरीवर संशय घेतला. मग बायकोनं एक दिवस दादा काय काय खातात ते सगळं वहीत लिहिलं. भाकरी निर्दोष सुटली. चोर निघाला चहा! दिवसात पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर, आणि चहाबरोबर टोस्ट नाहीतर खारी. दुसरा चोर शेंगदाण्याचं कूट. आपल्याकडं भाजी कुठलीही असो, कूट मूठभर पडतंच. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

चहा दोनदा, बिनसाखरेचा. टोस्ट घरात आणायचेच नाहीत. घरात असलं की माणूस खातोच, त्याला उपदेश करून उपयोग नसतो.

वसमतची_हळद (हिंगोली)

रागावू नका, पण शेतकऱ्याला हे नवं नाही. गोऱ्हा खच्ची केला की वळूचा माज जातो आणि अंगावर चरबी धरते. हे इंजेक्शन माणसाला तेच करतं. आमच्या चुलत्याला तर दर तीन महिन्याला शहरात जाणं होईना म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून अंडकोशातल्या गोळ्याच काढल्या. एकदाच काय ते. पोट त्यांचंही सुटलं.

मोसंबी (जालना)

हळदराव, उदाहरण बरोबर असेल, पण ज्यांच्या घरात पेशंट आहे ते इथं वाचतायत याचं भान ठेवा. माझे वडील हा धागा वाचत असते तर त्यांना कसं वाटलं असतं?

जुना_एसटीवाला (नांदेड)

मोसंबीताई, मी पेशंटच आहे आणि मला हसू आलं. हळदराव खरं बोलले. डॉक्टरांनी मला हे इतकं सोपं करून कधीच सांगितलं नाही.

माझा हिशोब सांगतो. एसटीत ड्रायव्हर होतो, वय ६८, तीन वर्षं झाली इंजेक्शनावर आहे. अबिराटेरोन नंतर सुरू झालं. वजनाच्या आधी मला घामानं गाठलं. बसल्या जागी छातीपासून वर उष्णता चढते, कानशिलं तापतात, दोन मिनिटांत बनियन ओलं. नांदेडचा मे महिना, बाहेर ४३, आणि आत हे. आमची मंडळी म्हणाली, "पन्नाशीत मी हेच सांगायले तर तुम्ही म्हणायलेत नाटक करते." आता पंख्याच्या रेग्युलेटरवर दोघांचा समान हक्क आहे.

दुसरी गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून मी लिहितो. पोटाबरोबर छातीही वाढते. मी उन्हाळ्यात उघड्या अंगानं ओट्यावर बसणारा माणूस, आता सदरा काढत नाही. गोदावरीवर नातवांबरोबर पोहायला जायचो, तेही सुटलं. ताई, तुमच्या अण्णांनी धोतर धरलं ते फक्त पँट बसेना म्हणूनच ना, हे एकदा मिस्टरांना विचारायला सांगा. सुनेजवळ ते बोलणार नाहीत.

बाकी खाण्याचं उद्या लिहितो, फोनवर टायपायला वेळ लागतो.

मांजराकाठ

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांना सांगते. उद्याची वाट बघते.

औषधपाणी (छत्रपती संभाजीनगर)

मी एमडी मेडिसिन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. शुगर-बीपीसाठी असे पेशंट माझ्याकडे येतात तेवढ्या अनुभवावर लिहितो.

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे दाखवलं, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शन असो वा ऑपरेशन, हेतू तो हार्मोन बंद करण्याचा. पण याच हार्मोनवर पुरुषाचे स्नायू, हाडं आणि रक्तही अवलंबून असतं. ते बंद झालं की पहिल्या वर्षात शरीरातली चरबी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आणि स्नायू दोन-तीन टक्क्यांनी घटतात, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे सात किलो वाढले असतील तर चरबी सातापेक्षा जास्त वाढली आणि स्नायू त्यातून वजा झाले. बारीक दंडाचं कारण हे. म्हणून काट्याइतकाच टेपही वापरा. बेंबीच्या रेषेत पोट मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेलं की साखर आणि हृदयाचा धोका वाढतो असं धरतात.

आता स्टेरॉइड. मांजराकाठ यांच्या मिस्टरांनी कृपा करून ही गोळी परस्पर बंद करू नये. अबिराटेरोन हे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं एक एन्झाइम अडवतं. त्यानं टेस्टोस्टेरॉन घटतं, पण कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइडही घटतं. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी त्या ग्रंथीला जोरानं कामाला लावते आणि मीठ-पाणी धरून ठेवणारे हार्मोन भलतेच वाढतात. बीपी चढतं, पायांवर सूज येते, पोटॅशियम उतरतं. हे होऊ नये म्हणून प्रेडनिसोलोन देतात, ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा. निरोगी शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं त्याच्या आसपासचा हा डोस आहे. दम्याला किंवा संधिवाताला देतात तसले ४० मिलिग्रॅम नव्हेत. भूक यानं थोडी वाढते, पण पोटाचा मोठा वाटा इंजेक्शनाचा आहे. गोळी एकाएकी थांबवली तर उलट्या, गळाठा, बीपी कोसळणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. गोळी नाश्त्यानंतर सकाळी घ्यायची, म्हणजे झोप कमी बिघडते. दुसरा डोस असेल तर तो किती वाजता, हे डॉक्टरांना विचारा.

एक खूण लक्षात ठेवा. चरबी हळूहळू चढते. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, आडवं पडलं की धाप लागते, असं असेल तर ते पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, डाएट करत बसायचं नाही.

भर_उन्हात

डॉक्टरसाहेब, ११८ म्हणजे शुगर झाली का? माझीही तेवढीच आली होती, मी पेढे वाटले होते.

औषधपाणी

१०० ते १२५ ला प्री-डायबेटिस म्हणतात. पेढे वाटा, खाऊ नका. मांजराकाठ, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या, सोबत कोलेस्टेरॉल. पोटॅशियम, बीपी आणि लिव्हरच्या तपासण्या अबिराटेरोनसाठी होतच असतील. लिव्हरची सुरुवातीचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी करतात.

स्वारगेटवरून (मूळ धाराशिव, आता पुणे)

एवढा विचार कशाला? दीक्षित सरांचा दोन वेळा जेवणाचा मार्ग धरा. लातूरच्या मेडिकल कॉलेजात होते ते, तुमच्याच गावचं औषध. दिवसात दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण, मधे काही नाही. मी स्वतः अकरा किलो उतरवलेत.

बिंदुसरा

तुमचं वय किती आणि तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?

स्वारगेटवरून

वय ४४. गोळ्या नाहीत. त्यानं काय फरक पडतो?

मोसंबी

पडतो हो. माझ्या वडिलांना एकानं हेच सांगितलं होतं. त्यांना शुगरची गोळी चालू होती, मधे काही न खाल्ल्यानं अकराच्या सुमारास हातपाय थरथरून घाम फुटला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं तो इंजेक्शनाचाच घाम. साखर मोजली तर ५८.

जुना_एसटीवाला

कबूल केल्याप्रमाणे लिहितो.

मी उपाशी राहून बघत नाही. उपाशी राहिलं की वजन जातं ते मांडीतून, पोट जागच्या जागी. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागायला लागला तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुम्हाला कमी खायचं नाही, वेगळं खायचं आहे. किलोमागं एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन, किडनी ठीक असेल तर. म्हणजे माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं. आपल्या ताटात बघा काय असतं. पातळ वरण, भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. वरणात डाळ शोधायला दिवा लावावा लागतो.

आता माझं चालतं ते असं. सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. दुपारी दीड भाकरी (आधी तीन होत्या), घट्ट वरण वाटीभर, मटकी नाहीतर हरभऱ्याची उसळ, काकडी, ताक. रात्री एक भाकरी, पालेभाजी भरपूर, म्हणजे अंबाडी, चुका, शेपू जे असेल ते, आणि पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. रात्री भूक लागलीच तर भाजलेले फुटाणे मूठभर, ग्लासभर ताक. डब्यात दुसरं काही ठेवायचंच नाही हा बिंदुसरांचा मुद्दा शंभर टक्के खरा.

लोणचं, पापड, खारे दाणे बंद. मीठ कमी केल्यावर पायाची सूज मला स्वतःला कमी वाटली.

वसमतची_हळद

सोयाबीन खाऊ नये म्हणतात ना पुरुषांनी? त्यात बाईचं हार्मोन असतं म्हणे.

औषधपाणी

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती वनस्पतीजन्य द्रव्यं असतात, प्रत्यक्ष हार्मोन नव्हे. जेवणातल्या वड्या किंवा सोया पिठानं प्रोस्टेटच्या पेशंटला अपाय होतो असं दिसलेलं नाही. उलट ५० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन त्या वड्यांत असतं. पावडरी आणि कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत.

भर_उन्हात

सोयाबीनला भाव मिळेना, निदान पोटात तरी जाऊ द्या.

वसमतची_हळद

भावाचा विषय काढू नका भैय्या, धागा दुसरीकडंच जाईल. आमच्याकडं यंदा काढणीचाही खर्च...

संपादक_मंडळ

सोयाबीनच्या भावाचा धागा 'शेतशिवार' विभागात आहे. इथं विषयाला धरून लिहावे.

पूर्णेकाठी (परभणी)

मला एक गोंधळ आहे. आमच्या काकांना डॉक्टरांनी अबिराटेरोनची २५० ची एकच गोळी नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितली आहे. गोळ्यांच्या कागदावर मात्र ठळक लिहिलंय, उपाशीपोटी. आणि काकांच्या शेजारच्या बेडवरचे गृहस्थ २५० च्या चार गोळ्या पहाटे उपाशीपोटी घेत होते. काका आता म्हणतायत मला कमी औषध दिलं, फसवलं. कोण बरोबर?

औषधपाणी

दोघेही बरोबर. मूळ पद्धत १००० मिलिग्रॅम, खाल्ल्यावर दोन तासांनी आणि गोळीनंतर तासभर काही न खाता. कारण अन्नाबरोबर हे औषध रक्तात कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. याच गुणाचा फायदा घेऊन काही डॉक्टर २५० मिलिग्रॅम मुद्दाम जेवणाबरोबर देतात. २०१८ साली त्यावर एक छोटी चाचणी छापून आली, तीत पीएसएवरचा परिणाम तुल्य दिसला. आपल्याकडे खर्चाचा विचार करून ही पद्धत बरीच वापरतात. काकांना फसवलेलं नाही. मात्र हे वाचून कुणी आपली आपण अदलाबदल करू नये. चार गोळ्या जेवणाबरोबर घेतल्या तर औषध अंगावर येईल, एक गोळी उपाशीपोटी घेतली तर कमी पडेल. आपल्या कागदावर काय लिहिलंय तेच पाळा आणि शंका असेल तर त्याच डॉक्टरांना विचारा.

डाएट करणाऱ्यांनीही हे आधी बघावं. जेवणाच्या वेळा हलवल्या की या गोळीच्या वेळा हलतात.

पूर्णेकाठी

मोठा घोर मिटला. काकांना हाच प्रतिसाद वाचून दाखवते.

अंबाजोगाईचा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते कुणाला आवडणार नाही. ७१ वर्षांचा माणूस, आजार हाडांत गेलेला. त्याच्या ताटातला लाडू मोजून काय साधणार आहोत? माझ्या थोरल्या भावाचा शेवटचा काळ आम्ही पथ्यात घालवला. वेळाअमावस्येला सगळं घर शेतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि त्याच्या पुढ्यात मुगाची खिचडी. तो काही बोलला नाही. पण अजून मला त्या दिवशीचं जेवण आठवलं की घास उतरत नाही.

मांजराकाठ

मास्तर, तुमचं वाचून थांबलेच जरा. सासूबाईंचं म्हणणं साधारण हेच आहे, त्या फक्त असं मांडू शकत नाहीत.

औषधपाणी

मास्तरांचा मान राखून एकच सांगतो. हाडांत पसरला म्हणजे काही महिन्यांचाच खेळ, हे आता खरं नाही. इंजेक्शनासोबत अबिराटेरोनसारखी औषधं आल्यापासून असे बरेच पेशंट कित्येक वर्षं चांगले राहतात. त्या वर्षांत त्यांना हृदयविकार किंवा मोडलेलं खुब्याचं हाड आडवं येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. वेळाअमावस्येची भज्जी तर खुशाल खावी. हरभरा, तूर, वाटाणा, पावटा, सगळी डाळवर्गी मंडळी एका पातेल्यात, आणि भाज्या. जिभेलाही छान, प्रोटीनही.

अंबाजोगाईचा_मास्तर

वर्षांचा हिशोब असा असेल तर मी माझा शब्द थोडा मागे घेतो. लाडवाबाबत नाही.

कणा_ताठ (बीड)

मी फिजिओथेरपिस्ट. एवढे प्रतिसाद झाले, व्यायामाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून राहवेना. आहारानं पोट थोडं आवरतं, पण गेलेले स्नायू आहारानं परत येत नाहीत. त्यांना ओझं द्यावं लागतं. नुसतं सकाळचं फिरणंही पुरत नाही, आणि आपल्याकडं व्यायाम म्हटलं की फिरणंच, फार तर हरिपाठाला जाताना देवळाच्या पायऱ्या.

आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, आणि त्याशिवाय दोन किंवा तीन दिवस स्नायूंचा व्यायाम. यासाठी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला आठ-दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर. ओट्याला धरून टाचा उचलणं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन दंड वाकवणं, जमू लागलं की लिटरच्या. रबरी पट्टा मिळाला तर उत्तम. श्वास रोखून धरायचा नाही.

पण मांजराकाठ, अण्णांच्या नेमक्या कुठल्या हाडांत आजार आहे ते स्कॅनच्या रिपोर्टवरून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. कण्यात असेल तर पुढे वाकणं, कंबर पिळणं, उड्या, जड उचलणं टाळायचं. आवडीनं सूर्यनमस्कार घालणारे असतील तर तेही तूर्त नकोत. खुब्यात असेल तर वेगळे व्यायाम. आणि पाठीत नवं दुखणं सुरू झालं, रात्री आडवं पडल्यावर वाढलं, पाय लटपटायला लागले, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर ते संधिवात म्हणून चोळत बसायचं नाही. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, तासांचा खेळ असतो. तडक हॉस्पिटल.

जुना_एसटीवाला

खुर्चीचं मी करतो. टीव्हीवर बातम्या चालू असताना, प्रत्येक जाहिरातीला. जाहिराती इतक्या असतात की मांड्या भरायल्यात. थकवाही त्यानंच कमी झाला. आधी वाटायचं थकलोय तर झोपावं, ते उलटं निघालं.

बिंदुसरा

दादांची हाडांची घनता मोजली होती, डेक्सा म्हणतात ती तपासणी. कमी निघाली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं, शिवाय सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. त्या इंजेक्शनाआधी दात दाखवून घ्या असं सांगितलं होतं. कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं म्हणून लिहिलं.

स्वारगेटवरून

बरं, दोनदा जेवणं नको म्हणता. मग ती नवी वजन कमी करायची इंजेक्शनं? २०२५ पासून आपल्याकडेही मिळतायत.

औषधपाणी

मिळतात. ज्यांना मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहे अशा काहींना कॅन्सरतज्ज्ञांशी बोलून देताही येतील. पण त्या औषधांनी उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, आणि या पेशंटकडे नेमके तेच कमी आहेत. ६४ वरून ७१ झालेल्या माणसाला पहिली पायरी ती नाही.

मोसंबी

एक व्यावहारिक सांगते. डॉक्टरांना वेळ नसतो ही सगळीकडचीच तक्रार. आम्ही वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून नेतो: गेल्या वेळचं वजन, आत्ताचं वजन, पोटाचं माप, घरी मोजलेलं बीपी, साखर, आणि खाली तीनच प्रश्न. पान समोर ठेवलं की डॉक्टर वाचतातच. तोंडी सांगितलं की "बरं बरं" म्हणून पुढचा पेशंट. आहारतज्ज्ञ असतील तर चिठ्ठी तिथंच मागून घ्यायची.

आणि सासूबाईंचं म्हणाल, तर आमच्या आईला मी 'कमी कर' कधीच म्हटलं नाही. 'घट्ट कर' म्हटलं. वरण घट्ट, दही घट्ट, उसळ जास्त. वाढायला मिळालं की ती खूश.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

पहिलं म्हणजे ह्यांना औषधपाणी यांचा प्रतिसाद वाचायला दिला. स्टेरॉइडचा विषय घरात संपला. मोसंबीताईंसारखं पान करून नेलं. डॉक्टरांनी खरंच वाचलं, एचबीए१सी केली, ६.१ आली. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. आजार कंबरेच्या एका मणक्यात आणि बरगडीत आहे, म्हणून वाकायचे व्यायाम नाहीत, खुर्ची आणि भिंत चालेल असं सांगितलं.

सासूबाईंना 'घट्ट कर' ही युक्ती लागू पडली. बोरसुरीची तूरडाळ आमच्या घरची, ती आता इतकी घट्ट होते की डाव उभा राहतो. मलिदा रविवारी. लाडवावर तह झालाय: अर्धा, आणि तो अण्णांनी मागितला तरच. गंमत म्हणजे ते मागतच नाहीत. म्हणाले, ती करते म्हणून खात होतो.

काका, तुमचं ते छातीचं खरं निघालं. ह्यांनी विचारलं तेव्हा आधी उडवून लावलं, मग रात्री बाहेर ओट्यावर बोलले. डॉक्टरांनाही ह्यांनीच सांगितलं, मी बाहेर थांबले. त्यावरही काही उपाय असतात म्हणे.

वजन अजून ७१ च आहे. पण पोट एक सेंटिमीटर कमी भरलं.

कणा_ताठ

वजन तेच आणि पोट कमी, हे चांगलंच लक्षण. काटा महिन्यातून एकदाच बघा. सूज असेल तर मात्र रोज.

जुना_एसटीवाला

अण्णांना नमस्कार सांगा. नांदेडला येणं झालं तर भेटू. दोघं मिळून जाहिराती बघू.

पूर्णेकाठी

सहज विचारते, ही इंजेक्शनं बंद झाली की पोट आपोआप उतरतं का? काकांचं वर्षभरानं थांबेल असं म्हणतायत.

बिंदुसरा

दादांची थांबून आठ-नऊ महिने झाले. हार्मोन हळूहळू परत येतंय, घाम कमी झालाय. वय जास्त असेल तर पूर्ण परत येईलच असं नाही, असंही डॉक्टर म्हणाले. पोट मात्र आपोआप नाही उतरलं, त्यासाठी अजून बिनसाखरेचाच चहा चालू आहे.

भर_उन्हात

म्हणजे बीडला पाहुणे म्हणून जायचं तर साखर खिशात नेऊ का?

बिंदुसरा

पाहुण्यांसाठी ठेवलीय. डबा कपाटावर आहे, दादांना स्टूलावर चढायची बंदी आहे.